मुकीची खूण

मला राग लवकर येतो आणि हसू त्याहून लवकर येतं. या दोन्ही खोडी घेऊन मी लातूरहून मारुंजीला राहायला आले. नवरा दयानंद हिंजवडीला कंपनीत आणि मी पुण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात. घर मिळालं ते रत्नाबाईंच्या आवारात. पुढे भाड्याच्या खोल्यांची रांग, मागे गोठा, गोठ्यात तीन गाई. वाळत घातलेल्या कपड्यांना शेणाचा वास लागायचा. पहिला महिनाभर मी दयानंदचं डोकं खाल्लं. मग त्याच गोठ्यातलं दूध चहाला लागलं आणि माझं तोंड बंद झालं.

रत्नाबाई म्हणजे साठीला टेकलेली, नऊवारीतली, खणखणीत आवाजाची बाई. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेती गेली होती, तिच्यावर आता सोसायट्या उभ्या होत्या. राहिलं होतं हे आवार, गाईंच्या हिरव्या चाऱ्याला, कडवळाला, पुरेल एवढं एक पट्टी रान आणि तीन गाई. त्या सोसायट्यांमध्येच त्या दूध घालायच्या, तेही पायी, दोन्ही हातांत बरण्या घेऊन. "माझ्याच रानात चालतीया, लाज कसली?" असं म्हणायच्या. पण गुडघा ते ऐकत नव्हता. साध्या गाडीला लायसन लागतं, लायसनला परीक्षा लागते आणि बाईंना सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं.

त्यांचा मुलगा शेखर प्लॉटची कामं बघायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात एकच होतं, गोठा पाडायचा आणि तिथे आणखी खोल्या काढायच्या. "आये, किती वर्सं शेण काढणार हायेस?" हे मी आमच्या खिडकीतून रोज ऐकायचे. "हात हायेत तवर," हे उत्तरही रोजचंच.

दोन हजार आठचा गणेशोत्सव संपला होता. एका सकाळी मी नळावर दात घासत उभी होते. फाटकातून रत्नाबाई आत आल्या. चालत नव्हे हो! तांबड्या स्कूटरवर बसून, काष्टा नीट खोचून, दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या लटकवून. आणि आवाज कसलाच नाही. बरणीला बरणी लागून जे काय किणकिणलं तेवढंच. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, नुसतं मान वळवून बघत राहिलं. माझ्या तोंडातला फेस हनुवटीवर आला तरी मला कळलं नाही.

"माय गं! मावशी, ही काय भानगड?"

"इजेवरची हाय. लायसन नगं, नंबर नगं, पेट्रोल नगं. रातच्याला खुट्टीला लावायची, सकाळी पळवायची." त्या उतरल्या आणि सीटवर थाप मारून म्हणाल्या, "मुकी हाय माझी, पर लई गुणाची."

तेव्हापासून सगळ्या आवारात तिचं नाव मुकी पडलं.

शेखर त्या दिवशी तापला. "आये, ह्या गाडीला नंबर न्हाई, आवाज न्हाई. उद्या कुणी नेली तर पोलीस काय हुडकणार? तुजं डोकं?"

रत्नाबाईंनी बरण्या खाली ठेवल्या, पदर खोचला आणि आम्हा भाडेकरूंच्या देखत त्याला सांगितलं, "हे बघ शेखर. मुकी हाय तवर गुरं ऱ्हातील आन् तू गोठ्याचं नाव काढायचं न्हाई. मुकी गेली, तर गुरं इकायची आन् गोठा तुजा. दिला शबुद."

शेखरने मान डोलावली. मी मात्र धास्तावले, कारण गाड्या चोरीला जाणं किती सोपं आहे हे मी ऑफिसात रोज बघत होते. बिलावरसुद्धा दुकानदाराने नुसतं 'तांबडी' एवढंच लिहून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात हजर. "नलू, तू इम्याच्या हापिसात हायेस न्हवं? मग मुकीचा इमा उतरव."

मी त्यांना बसवून समजावलं. नंबर नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती मोटारगाडीच नाही, त्यामुळे गाडीचा विमा उतरत नाही. घरातल्या सामानाबरोबर घरफोडीचा उतरवता येईल. पण मग गाडी कुलपात असली पाहिजे, चोराने कुलूप तोडलं पाहिजे आणि तोडल्याची खूण दिसली पाहिजे.

"आन् रस्त्यातनं नेली तर?"

"तर काही नाही."

"मग त्यो माझ्या कुलपाचा इमा झाला की गं, मुकीचा कुटं?"

आणि त्यांना एकदम सुचलं. "आमच्या चंद्रीचा इमा व्हता. तिला तरी कुटं नंबरप्लेट व्हती? डाक्टरनं कानाला पितळी बिल्ला मारला, झाला इमा. तसा बिल्ला मार की हिला!"

चंद्री ही त्यांची जुनी गाय. विम्याची मुदत संपून गेल्यावर म्हातारी होऊन मेली, म्हणून भरपाई मागताना कंपनीला द्यावा लागणारा तिचा बिल्ला घरीच राहिला होता आणि गोठ्यात खिळ्याला लटकत असायचा. मला एवढं हसू फुटलं की विचारू नका. "मावशी, गाडीला कान कुठे असतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाल्या आणि उठून गेल्या. मला वाटलं, विषय मिटला.

मग भादव्यातला पोळा आला. मारुंजीत तेव्हा बैल असे उरलेच किती होते! चार-दोन जोड्या वाजतगाजत निघाल्या, मागून दोन ट्रॅक्टर आणि सगळ्यांत शेवटी रत्नाबाई. मुकीच्या हँडलच्या मुठी बैलाच्या शिंगांसारख्या हिंगुळाने लाल केलेल्या, गळ्यात घुंगरू आणि गोंडा. आधी घरासमोर तिच्या चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग भैरवनाथाच्या देवळापुढे नेऊन उभी केली आणि तिथून निघाल्या गल्लीगल्लीतून, दारादारात थांबत. गावात नवा बैल आणला की असाच फिरवायची रीत होती म्हणे. लोक यायचे, बैलाच्या पाठीवर हात फिरवायचे, शिंगं बघायचे, कुणाचा म्हणून विचारायचे. त्या दिवशी पोरं खो खो हसली, बायांनी तोंडाला पदर लावले, पण एकेक जण पुढे येऊन मुकीवर हात फिरवून गेलाच. एका म्हाताऱ्याने तर वाकून चाकंसुद्धा दाबून बघितली.

संध्याकाळी मी चिडवलं, "काय मावशी, झाला का विमा?"

"झाला की," त्या अगदी सरळ म्हणाल्या. "इमा म्हंजी काय गं? एकाचं गेलं तर समद्यांनी भार घ्यायचा. मग कुणाचं काय हाय ते समद्यांना ठावं नको?"

आमच्या ऑफिसात ट्रेनिंगला एका साहेबांनी विमा म्हणजे काय हे सबंध दिवस लावून शिकवलं होतं. इतक्या थोड्यात काही ते त्यांना सांगता आलं नव्हतं.

आणि एवढं सगळं करून मुकी डिसेंबरात गेली.

भरदिवसा गेली. एका सोसायटीच्या फाटकाशी मुकी लावून रत्नाबाई दूध द्यायला वर गेल्या होत्या. दूधवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही, असा तिथे कागद चिकटवलेला. ज्यांच्या रानावर इमारत उभी, त्यांनाच जिना! अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या गुडघा धरत धरत खाली आल्या तर गाडी नाही. वॉचमन बिचारा रडकुंडीला आला. "मौसी, आवाज ही नहीं आई, घुंगरू भी नहीं बजा," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, "गाडीचा नंबर?"

"न्हाई."

"मग काय लिहू मी?"

"लिवा. रंगानं तांबडी. डाव्या अंगाचा आरसा न्हाई, आमच्या कपिलेनं शिंग मारलं. उजव्या कुशीवर पोचा हाय. शिंगं हिंगळाची, गळ्यात घुंगरू. चढाला जरा धापती, पर उतरणीला शानी हाय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मावशी, गाडी सांगताय का गाय?"

"जे गेलंय ते सांगतीया."

त्याने मान खाली घातली आणि शब्दन् शब्द लिहून घेतला. मग हळूच मला म्हणाला, "ताई, शोधू आम्ही. पण नंबर नसलेली गाडी अडवायची तरी कशी?" मला ते माहीत होतंच. माझ्या डोक्यात होता तो रत्नाबाईंनी दिलेला शब्द.

आणि तसंच झालं. घरी आल्या आल्या रत्नाबाई शेखरला म्हणाल्या, "येपाऱ्याला बोलाव."

शेखर जरा चाचरला. "आये, चार दिस थांबू की."

"शबुद दिलाय. बोलाव."

त्याने रविवारी दुपारी गुरांच्या व्यापाऱ्याला यायला सांगितलं. तोवर रत्नाबाई पुन्हा पायी दूध घालू लागल्या आणि शनिवारी त्यांचा गुडघा असा सुजला की पाय जमिनीला टेकवेना. त्या गोठ्याच्या दारात पोतं टाकून बसल्या आणि गाईंकडे बघत राहिल्या. कपिला मान लांब करून त्यांचा पदर चघळत होती, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. रडल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. शेखरशी तर मी बोलणंच टाकलं होतं.

रविवारी सकाळी, घालून उरलेलं दूध न्यायला, डेअरीचा टेम्पो आला. त्याचा ड्रायव्हर जनार्दन माण, घोटावडे, लवळे, भुकूम असा फिरून घरोघरचं दूध गोळा करायचा. मुकी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी रत्नाबाईंनी त्याच्या कानावर घातलं होतं आणि त्याने ज्या ज्या दारात कॅन उचलला त्या त्या दारात ते सांगितलं होतं. आज त्याने गाडी थांबायच्या आतच आरोळी दिली, "मावशी! लवळ्याच्या चढाला बहिरूबाबाच्या गोठ्यात एक तांबडी गाडी बांधलीया! जो खूण सांगंल त्याला देनार म्हणतुया!"

रत्नाबाई उठायला गेल्या आणि तशाच खाली बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "शेखर जाईल."

शेखर! ज्याला गोठा पाडायचाय तो! मी ताडकन म्हणाले, "मीपण जाणार." आणि त्यांच्याजवळ वाकून विचारलं, "मावशी, खूण काय सांगायची?"

"शेखरला म्हाईत हाय," एवढंच त्या बोलल्या.

मला वाटलं, लाल मुठी आणि घुंगरू; त्यात काय, मलाही माहीत आहेत. शेखरच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघाले.

बहिरूबाबांचं घर कॉलेजांच्या टेकडीखाली, चढाच्या तोंडाशीच होतं. म्हातारा वाळलेला, पण ताठ. गोठ्यात दोन बैल आणि त्यांच्या शेजारी दावणीला दाव्याने बांधलेली तांबडी स्कूटर. वायर बोर्डाला लावलेली. पुढ्यात वैरण टाकली नव्हती एवढंच.

"पावण्यांनू, बसा," बाबा म्हणाले आणि पाणी आलं. मग त्यांनी सांगितलं. कुणी एक पोरगा चढावर गाडी ढकलत चालला होता. गाडीतली वीज संपलेली, पोरगा घामाघूम. "आमच्यात रीत हाय बगा. रस्त्यानं कुणी जनावर घेऊन चाललं की इचारायचं, कुनाचं हाय, कुटनं आणलं. आमच्या बापानं इचारलं, आमी बी इचारतो. ह्ये जनावर न्हाई, पर सवय जाती व्हय? मी इचारलं, कुनाची रं? तर म्हनतो, मेरी है. म्हनलं, गाव कोनतं? तर लागला हिकडं तिकडं बघायला. मी नुसतं दावं हातात घेतलं, तर गडी गाडी टाकून पळाला की टेकडीच्या अंगानं!"

"आणि ही चार्जिंगला?" मी विचारलं.

"दारात आलेलं उपाशी ठिवावं व्हय, ताई? लाइट आली की लावतुया."

ना नंबर, ना कागद, ना सरकार, ना आमची कंपनी. आणि एका म्हाताऱ्याच्या रोजच्या चौकशीने गाडी धरून ठेवली होती. जी पोलिसांना अडवता येत नव्हती ती यांनी नुसतं 'कुणाची रे' म्हणून अडवली.

"हां, आता खूण सांगा," बाबा म्हणाले.

मी घाईने पुढे झाले. "मुठी लाल, गळ्यात घुंगरू, डावा आरसा नाही!"

बाबांनी बाजूला होऊन गाडी दाखवली. मुठींवर नवी काळी रबरं, घुंगरू नाही, गोंडा नाही, दोन्ही आरसे काढून टाकलेले. मी कुशीवरचा पोचा शोधला, तर पुढून मागून सगळीकडेच पोचे. रत्नाबाईंची किल्ली लावून बघितली, तर कुलूपच उचकटलेलं.

"ताई, अशा गाड्या हितं कॉलेजात बी हायेत. दिसणारी खूण चोर मोडतोच. न दिसणारी सांगा."

"अहो बाबा, आमचीच आहे ती! मारुंजीच्या रत्नाबाईंची! मी काय खोटं बोलतेय का?" माझा आवाज चढला.

"तुमी खोटं बोलता आसं मी कुटं म्हनलं? पर उद्या दुसरा आला आन् खूण सांगितली तर मी त्याला काय तोंड दावू?"

बरोबरच होतं त्यांचं. मग मला रत्नाबाईंचे शब्द आठवले आणि मी शेखरकडे वळले.

शेखर भिंतीला टेकून उभा होता, नजर गाडीवर. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. व्यापारी होता, त्याचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "निघालो हाय, टेम्पो घिऊनच येतो." शेखरने नुसतं "हं" केलं आणि फोन खिशात टाकला. आणि मला सगळं लख्ख दिसलं. याने तोंड उघडलं नाही तर गाडी इथेच राहणार. दुपारी गाई जाणार, उद्या गोठा पडणार. 'ही आमची नव्हेच' म्हणाला तर याला कोणी दोषसुद्धा देणार नाही, कारण खूण काय आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? ठाऊक होतं फक्त त्याला आणि त्याच्या आईला. गोठ्यातल्या एका बैलाने शेपटी झाडली.

शेखरने तोंडावरून हात फिरवला.

"बाबा, सीट उचला. खाली ब्याटरीवरचा पत्रा हाय. त्याच्या आतल्या अंगाला पितळी बिल्ला हाय, गाईच्या कानातला. आमच्या चंद्रीचा."

बाबांनी सीट उचलली, पत्रा सरकवून आत बोटं घातली आणि चाचपत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. मी वाकून बघितलं. गोठ्यातल्या खिळ्यावरचा तोच बिल्ला, आता दोन रिबिटांनी पक्का बसवलेला, आणि वर हळदीकुंकू.

"कोण ही चंद्री?" बाबांनी विचारलं.

"गाय व्हती. शाळंतनं आलो की मी तिच्या पाठीला टेकूनच अभ्यास करायचो." शेखरने बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "पोळ्याच्या आदल्या दिवशी आये म्हणली, ड्रिल तू धर, बिल्ला मी धरती. मी हसत हसत मारला."

बाबांनी दावं सोडलं आणि शेखरच्या हातात दिलं, बैल देतात तसं. काही घ्यायला तयार होईनात. उलट निघताना मुकीच्या सीटवर थाप मारून म्हणाले, "जा बाय, आपल्या घरी जा."

येताना शेखर मोटारसायकलवर पुढे आणि मुकीवर मी! लायसन नाही, काही नाही, पण तिला कुठे लागतं? आणि सांगू का, त्या रस्त्याने मला कोणी सुखाने जाऊ दिलं नाही. माणच्या पारावरून एक आजोबा ओरडले, "कुनाची गं पोरी ही गाडी?" पुढे एका गोठ्यातून शेणाचे हात घेऊन एक बाई आडवी आली, "थांब, कुनाची हाय?" तांबडी मुकी गाडी अनोळखी माणूस नेतोय, हे जनार्दनच्या टेम्पोने दारोदार सांगून ठेवलं होतं ना! एरवी मला असं कुणी अडवलं असतं तर मी भांडले असते. त्या दिवशी मी प्रत्येकाजवळ थांबले आणि प्रत्येकाला ओरडून सांगितलं, "मारुंजीच्या रत्नाबाईंची! सापडली!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

आवारात व्यापारी खुर्ची टाकून बसला होता, टेम्पो फाटकात उभा. शेखरने मोटारसायकल लावली आणि तडक त्याला सांगितलं, "च्या घ्या आन् निघा. गुरं इकायची न्हाईत."

रत्नाबाई गोठ्याच्या दारातच होत्या. त्यांनी मुकीकडे बघितलंसुद्धा नाही. शेखरकडे बघितलं आणि विचारलं, "सांगितलीस?"

"व्हय."

"मग धारंला बस. माझा पाय उचलत न्हाई."

शेखरने पँट वर दुमडली आणि मुकाट्याने चरवी घेऊन कपिलेच्या अंगाला बसला. किती वर्षांनी बसत होता कोण जाणे, आधी एक थेंब निघेना. मग धार लागली.

मी रत्नाबाईंच्या शेजारी पोत्यावर बसले. मला राहवेना. "मावशी, तुम्ही मला तरी सांगायची होती ना खूण! शेखरभाऊ बोलले नसते तर? गाडी गेली असती की हो कायमची!"

त्या धारेचा आवाज ऐकत होत्या.

"त्यो बोलला नसता," त्या म्हणाल्या, "तर मला तरी ती गाडी कशाला पायजे व्हती गं?"